छातीतील नळी आणि खाटेखालची बाटली

शल्यविभागात एखाद्या रुग्णाच्या खाटेखाली पाण्याची बाटली ठेवलेली असते व तिच्यातून निघालेली नळी त्याच्या बरगड्यांमधून छातीत शिरलेली दिसते. भेटीस येणाऱ्या नातेवाइकांना ती बाटली म्हणजे घाण साठविण्याचे भांडे वाटते. पाणी गढूळ झाले म्हणून ओतून टाकणे, पायात येते म्हणून बाटली उचलून खाटेवर ठेवणे, असे प्रकार त्यामुळेच घडतात. वस्तुतः त्या पाण्यावर रुग्णाचा श्वास अवलंबून असतो.

फुप्फुस आणि छातीची भिंत यांमधील पोकळीत बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो, म्हणूनच फुप्फुस फुगलेले राहते. बरगडी मोडल्याने, क्षयरोगात फुप्फुसास छिद्र पडल्याने किंवा न्यूमोनियानंतर तेथे हवा, रक्त वा पू साचला, म्हणजे फुप्फुस दबते. साचलेले बाहेर यावे, पण बाहेरची हवा आत जाऊ नये, ही अडचण पाण्याने सुटते. बाटलीतील नळीचे टोक सुमारे २ सेंटिमीटर पाण्यात बुडविले, की आतील हवा बुडबुड्यांवाटे निघून जाते. परत शिरू शकत नाही. जर्मन वैद्य गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये योजिलेली ही पद्धत आजच्या प्लॅस्टिकच्या साधनांतही कायम आहे.

बाटली सदैव छातीच्या पातळीखाली असावी. वर उचलल्यास तीतील पाणी छातीत ओढले जाते. झाकणातील हवा जाण्याची वाट कापसाने बुजवू नये. श्वासाबरोबर नळीतील पाणी वरखाली होते की नाही, हे परिचारिकेने वारंवार पाहावे. ते थांबल्यास नळी दुमडली वा गुठळीने तुंबली असेल. फुप्फुस पूर्ण फुगल्यासही असेच घडते, म्हणून निर्णय डॉक्टरांनी करावयाचा. निचऱ्याचे मोजमाप व रंग नोंदवावा. अकस्मात पुष्कळ रक्त येऊ लागल्यास विलंब न लावता कळवावे. रुग्णास टेकून बसवावे, वेदनाशामक औषध देऊन दीर्घ श्वास घेण्यास व खोकण्यास सांगावे. दुखते म्हणून निश्चल पडून राहणाऱ्याचे फुप्फुस उशिरा फुगते.

क्ष-किरण विभागात नेताना नळीस चिमटा लावण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. सावधगिरीची वाटणारी ही कृती घातक ठरू शकते. बुडबुडे येत असताना चिमटा लावला, तर हवेस वाट उरत नाही. ती आत साचून हृदय व दुसरे फुप्फुस दाबते आणि काही मिनिटांत प्राणावर बेतते. डॉक्टरांची आज्ञा नसेल तर चिमटा लावू नये. बाटली सरळ धरून, छातीच्या खाली ठेवूनच रुग्णास न्यावे.

बाटली फुटल्यास नळीचे टोक तात्काळ स्वच्छ पाण्याच्या वा सलाइनच्या भांड्यात बुडवावे. नळी छातीतूनच निसटली, तर जखमेवर जाळीदार कापडाची घडी ठेवून तीन बाजू चिकटवाव्यात, चौथी मोकळी सोडावी, व डॉक्टरांना बोलवावे. निसटलेली नळी पुन्हा आत ढकलू नये.