चाकांवरचे घर – लेखांक ६ : जनरेटरची क्षमता आणि मुक्कामाची जागा

अमेरिकेत आरव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राहत्या वाहनाला वीजजोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर खांबावरील ३० अँपिअरच्या जोडणीतून १२० व्होल्ट दाबाने ३,६०० वॉटपर्यंत वीज मिळू शकते. मात्र ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसा या सरकारी जमिनीवर, जेथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात दीर्घ मुक्कामाची परवानगी असते, किंवा ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरील मादर कॅम्पग्राउंडवर असे खांब नाहीत. तेथे मागील लेखांकात पाहिलेली बॅटरी अपुरी पडली की हातात धरून नेता येईल अशा पेट्रोलच्या जनरेटरचा आधार घ्यावा लागतो.

साध्या जनरेटरमध्ये इंजिनाची गती आणि विजेची वारंवारता एकमेकींना बांधलेल्या असतात. दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरमधून अमेरिकेतील ६० हर्ट्झची वीज हवी असेल, तर इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांनी फिरतच राहिले पाहिजे, मग त्यावर एकच दिवा लागलेला असो वा मायक्रोवेव्ह चालू असो. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये मात्र निर्माण झालेली वीज आधी एकदिश केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलाद्वारे तिच्यापासून पुन्हा ६० हर्ट्झची प्रत्यावर्ती, म्हणजे ठरावीक लयीत दिशा बदलणारी, वीज तयार होते. त्यामुळे भार कमी असताना इंजिन मंद चालू शकते, पेट्रोल वाचते आणि आवाजही उतरतो. होंडाचे ईयू२२००आय हे या प्रकारातील सर्वपरिचित यंत्र असून त्याचे वजन सुमारे २१ किलो आहे.

या यंत्राच्या नावातील २,२०० हा आकडा क्षणिक कमाल वॉटचा आहे. सतत मिळणारी शक्ती १,८०० वॉट असते. हा फरक छपरावरच्या एसीपाशी निर्णायक ठरतो. ताशी १३,५०० बीटीयू, म्हणजे तेवढी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता असलेला एसी चालू असताना साधारण १,५०० वॉट घेतो, पण त्याचा कॉम्प्रेसर थांबलेल्या स्थितीतून फिरू लागतो तो क्षणभर याच्या जवळपास दुप्पट शक्ती मागतो आणि जनरेटर तिथेच हार मानतो. कॉम्प्रेसरला जाणारा प्रवाह हळूहळू वाढवणारे ‘सॉफ्ट स्टार्टर’ हे उपकरण बसवणे, किंवा दोन जनरेटर समांतर जोडणे, हे यावरचे दोन रूढ उपाय आहेत.

शिवाय उंचीवर हवा विरळ होत जाते आणि दर ३०० मीटरमागे इंजिनाची शक्ती साधारण ३.५ टक्क्यांनी घटते. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटर उंचीवर असल्याने तेथे १,८०० वॉटच्या यंत्राकडून १,३५० वॉटच्या आसपासच अपेक्षा ठेवता येते. ला पोसाच्या वाळवंटात पुरेसा वाटलेला जनरेटर तिथे कमी पडला, तर त्यात यंत्राचा दोष नसतो. खरेदी करतानाच सर्वांत उंच मुक्कामाचा हिशेब धरावा, हेच योग्य.

आवाजाबाबत राष्ट्रीय उद्यानांचा नियम स्पष्ट आहे: १५ मीटर अंतरावर ६० डेसिबलपेक्षा अधिक आवाज चालत नाही, आणि अनेक कॅम्पग्राउंडवर जनरेटर चालवण्याचे तासही ठरवून दिलेले असतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून ७ मीटरवर ५७ डेसिबल मोजलेले इन्व्हर्टर यंत्र या मर्यादेत सहज बसते.

या सर्वांहून गंभीर प्रश्न कार्बन मोनॉक्साइडचा आहे आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष अत्यंत क्लेशदायक आहे. इंधन पूर्ण न जळल्याने तयार होणाऱ्या या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोकेदुखी आणि मळमळ ही पहिली लक्षणे प्रवासातल्या थकव्यासारखीच भासतात, आणि झोपलेल्या माणसाला तर तीही जाणवत नाहीत. म्हणून जनरेटर निवासी जागेपासून किमान ६ मीटर दूर आणि धुराची नळी तिच्यापासून उलट दिशेला ठेवावी, असे अमेरिकेतील सुरक्षा यंत्रणा सांगतात. शेजारच्या वाहनांच्या खिडक्याही यात धराव्यात. प्रत्यक्षात चोरीच्या भीतीने अनेक जण यंत्र बंपरलाच साखळीने बांधतात. आरव्हीची नेहमीची ३० अँपिअरची केबल जवळपास ७.५ मीटर लांब असते, त्यामुळे वाहनावरील जोडणीची बाजू गैरसोयीची असली की अंतर कमी करण्याचा मोह होतो. अशा वेळी त्याच क्षमतेची जाड तारेची जोडकेबल घ्यावी; बारीक केबल तापते आणि तिच्यात व्होल्टेजही घटते.

अलीकडच्या काही जनरेटरमध्ये हा वायू वाढताच इंजिन बंद करणारा संवेदक असतो, पण तो यंत्राभोवतीची हवा मोजतो. वाऱ्याने खिडकीतून आत गेलेला वायू त्याला कळत नाही. त्यासाठी वाहनात झोपण्याच्या जागेजवळ स्वतंत्र सूचक लागतो. त्यातील संवेदक काही वर्षांनी निकामी होतो, आणि तो बदलण्याची मुदत सहसा सूचकाच्या मागील बाजूस छापलेली असते.