नोटीस कोणाची, नाव कोणाचे?

नांदेडहून लोह्यामार्गे लातूरकडे निघाले की वाटेत अहमदपूर लागते. त्या तालुक्यातील तळेगाव डिसेंबर 2024 मध्ये एकाएकी देशभर गाजले. वक्फ बोर्डाने शेतकऱ्यांच्या 300 एकरांवर दावा सांगितला, अशा मथळ्यांची ती वृत्ते होती.

वृत्ताचा गाभा खोटा नव्हता. सुमारे 300 एकर जमीन कसणाऱ्या 103 शेतकऱ्यांना नोटिसा आल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटलेल्या शेतासाठी छत्रपती संभाजीनगरच्या फेऱ्या कराव्या लागल्या, तर कोणाची झोप उडणार नाही?

मात्र त्या नोटिसा राज्य वक्फ न्यायाधिकरणाच्या होत्या. बोर्डाचे अध्यक्ष समीर काझी यांनी खुलासा केला की, बोर्डाने तळेगावात कोणताही दावा केलेला नाही. एका व्यक्तीने न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, त्यावरून नोटिसा निघाल्या. हेही एका पक्षाचेच म्हणणे, हे मान्य. पण ते पडताळणे अवघड नव्हते. नोटीस काढणारा कोण आणि अर्जदार कोण, हे नोटिशीवरच लिहिलेले असते.

बोर्ड आणि न्यायाधिकरण यांत वादी आणि न्यायालय यांच्याइतके अंतर आहे. 1995 च्या वक्फ कायद्याच्या 83 व्या कलमान्वये हे न्यायाधिकरण स्थापन होते व न्यायिक अधिकारी त्याचे अध्यक्षपद भूषवितो. बोर्डालाही तेथे पक्षकार म्हणूनच उभे राहावे लागते. समन्स म्हणजे हुकूमनामा नव्हे, हे पेढीवर बसणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

मराठवाड्यात अशा वादांची मुळे निजामकाळापर्यंत जातात. मशिदीच्या, दर्ग्याच्या तशाच मंदिराच्या सेवेसाठीही खिदमतमाश इनामे दिली गेली होती. म्हणून निवाडा जुनी दप्तरे व सातबारा यांवरून व्हावयाचा असतो, आणि त्यास वेळ लागतो. मथळ्यास तेवढा धीर नसतो. तो एका अर्जदाराच्या जागी एक अख्खा समाज उभा करून मोकळा होतो.

अठरा पापस्थानकांत तेरावे अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ. सत्याणुव्रताच्या अतिचारांत तर 'सहसाभ्याख्यान' असा स्वतंत्र शब्दच आहे: विचार न करता, घाईने घातलेला आळ. प्रतिक्रमणात आपण त्याची आलोचना करतो. आणि उपाश्रयाबाहेर येताच आलेला संदेश न वाचता पुढे धाडतो!

27 जानेवारी 2014 रोजी केंद्र सरकारने जैनांनाही राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. आपली मंदिरे, धर्मशाळा, बोर्डिंगे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली आहेत. एखाद्या विश्वस्ताने वा भाडेकरूने धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला की त्या कार्यालयाचीही नोटीस निघते. ती त्या अर्जापुरती असते. त्यावर 'जैनांनी जागा बळकावली' असा मथळा आला, तर आपण प्रथम काय म्हणू? नोटीस वाचा, अर्जदाराचे नाव पाहा, असेच ना?