शिजलेल्या खडकाचा हिशेब

मुठीत मावेल असा अर्ध्या किलोचा दगड घ्या. तांब्याच्या आजच्या मोठ्या खाणींमध्ये दगडात तांबं असतं साधारण अर्धा टक्का. म्हणजे या दगडातून निघणार अडीच ग्रॅम. ते कॅल्कोपायराइटच्या रूपात असेल, तर त्याचे पितळी ठिपके सगळे मिळून दगडाचा जेमतेम शंभरावा भाग व्यापतात. वरचा थर ऊन-पावसात उघडा पडलेला असला, तर तेवढेही ठिपके उरत नाहीत. डोंगरभर फिरून असलं काही हुडकायचं म्हणजे वेडेपणाच वाटेल.

म्हणून शोध घेणारी माणसं सुरुवातीला तांब्याच्या मागे लागतच नाहीत. तांबं घेऊन आलेल्या तापलेल्या, खारट पाण्यानं आजूबाजूचा खडक अक्षरशः शिजवलेला असतो. तो शिजलेला खडक ती शोधतात. त्यांच्या बोलीत याला ‘अल्टरेशन’ म्हणतात.

हा शिजलेला भाग केवढा असतो? जगातलं जवळपास तीन चतुर्थांश तांबं पॉर्फिरी नावाच्या प्रकारच्या साठ्यांतून येतं. रिचर्ड सिलिटो या भूवैज्ञानिकानं २०१० साली या साठ्यांचा आढावा घेतला. त्यानं दिलेला आकडा असा, की एका साठ्याभोवती १० ते १०० घन किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त खडक बदललेला असतो. आता अ‍ॅरिझोनातल्या कालामाझू या साठ्याचं खनिज पाहा. ते सुमारे ५१ कोटी टन, पण आकारमानानं एक घन किलोमीटरचा पाचवा भागही नाही. बदललेल्या खडकाची प्रभावळ मात्र त्याच्या पन्नासपट तरी, बहुधा काही शेपट. नेम धरायचा तर या प्रभावळीवरच धरावा.

प्रभावळीत शिरल्याचं पहिलं चिन्ह हिरवं असतं. एपिडोटचा पिस्त्यासारखा पोपटी हिरवा, क्लोराइटचा काळपट हिरवा. याला प्रॉपिलिटिक पट्टा म्हणतात आणि तो किलोमीटर-किलोमीटर पसरलेला असतो, त्यामुळे नुसता हिरवा दगड सापडला म्हणून कुणी पेढे वाटत नाही. आत सरकलं की हिरवा रंग ओसरतो आणि खडक फिकट, पांढुरका दिसू लागतो. इथे खिशातली सुरी बाहेर येते. ताज्या फेल्डस्पारची कठीणता ६ आणि साध्या पोलादी पात्याची साडेपाचच्या आसपास, त्यामुळे धडधाकट फेल्डस्पारवर पातं नुसतं घसरतं. पातं आत रुतलं, पांढरी भुकटी निघाली, तर समजायचं की फेल्डस्पारचा आकार तेवढा राहिलाय, आतला माल बदललाय. ती भुकटी जिभेला चिकटली तर चिनीमाती, म्हणजे केओलिनाइट. चिकटली नाही, बोटांना रेशमासारखी तुळतुळीत लागली आणि भिंगाखाली चमचमली तर सेरिसाइट, अभ्रकाचाच बारीक भाऊबंद. (दगड चाटणं हा या धंद्यात विनोदाचा विषय नाही, रोजची कामाची पद्धत आहे.)

सेरिसाइटच्या या फायलिक पट्ट्यात पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं चकाकतं खनिज भरपूर, कधी वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. सगळ्यात जास्त चकाकी इथेच आणि तांबं मात्र बेताचंच. आणखी आत काळपट तपकिरी बायोटाइटची बारीक पानं आणि गुलाबी पोटॅश फेल्डस्पार दिसू लागतात. हा पोटॅसिक गाभा. इथलं पाणी ५०० ते ७०० अंश सेल्सिअस तापलेलं होतं. तांब्याचा मुख्य थर साधारण या गाभ्याच्या आणि फायलिक पट्ट्याच्या सीमेवर बसतो.

डोळ्याला मदत दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाची. केओलिनाइटचा एक रेणुस्तर ०.७ नॅनोमीटर जाडीचा, आणि त्याच्या साक्षीनं आखायची प्रभावळ समजा सात किलोमीटर रुंद. दोहोंचं गुणोत्तर एकावर तेरा शून्यं, म्हणजे दहा लाख कोटी. इतक्या अंतरावरच्या दोन टोकांमध्ये भिंगाची दहापट म्हणजे काहीच नाही, तरी तेवढ्यावर नकाशे बनले आणि खाणी निघाल्या.

त्यातली सगळ्यात देखणी गोष्ट कालामाझूचीच. अ‍ॅरिझोनात टूसॉनच्या ईशान्येला सॅन मॅन्युएल ही जमिनीखालची मोठी तांब्याची खाण होती. डेव्हिड लोवेल या भूवैज्ञानिकानं तिथल्या अल्टरेशनचे पट्टे नीट लावून पाहिले, तर ते पूर्ण वर्तुळ करत नव्हते. आडवा छेद घोड्याच्या नालासारखा, एका बाजूला उघडा. लोवेलचं म्हणणं असं, की मूळचा साठा उभ्या पोकळ नळकांड्यासारखा होता. भूकवचाच्या हालचालींत तो सुमारे ७० अंश कलून जवळजवळ आडवा झाला. नंतर एका निजलेल्या भ्रंशानं त्याला लांबीच्या दिशेनं कापलं आणि वरचा तुकडा सुमारे अडीच किलोमीटर खाली घसरला. ही गोष्ट खरी असेल, तर नळकांड्याचा दुसरा अर्धा भाग पश्चिमेकडे जमिनीत असायलाच हवा. १९६५ मध्ये तिथे बोअर घेतले. शेकडो मीटर खाली पट्टे अपेक्षित क्रमानं लागले, आणि त्यांच्या आत ०.७२ टक्के तांब्याचं ते ५१ कोटी टन खनिज, म्हणजेच कालामाझू.

१९७० मध्ये लोवेल आणि जॉन गिल्बर्ट यांनी हा नमुना आणखी २७ पॉर्फिरी साठ्यांशी ताडून पाहिला आणि पट्ट्यांचा तो प्रसिद्ध नकाशा छापला. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं ते चित्र आजही भूविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. ते जरा जास्तच नीटनेटकं आहे असं माझं मत. डोंगरात पट्टे एकमेकांवर चढलेले, अर्धवट पुसलेले सापडतात. पण चुकीच्या डोंगरावरून लवकर परत फिरायला ते चित्र पुरतं.

इतका खडक शिजवायला पाणी किती लागलं असेल? कालामाझूत तांबं सुमारे ३७ लाख टन. प्रत्येक टन पाण्यानं एक किलो तांबं आणलं आणि सगळं तिथेच टाकलं असं धरलं, तरी पाणी ३७० कोटी टन, म्हणजे आपल्या हिशेबात १३० टीएमसी. कोयनेचं धरण काठोकाठ भरलं तरी १०५ टीएमसी. आणि हे तुटलेल्या साठ्याच्या एका तुकड्याचं झालं.

फसगतही याच खनिजांकडून होते. चिनीमाती निव्वळ पावसानंही तयार होते, सिंधुदुर्गात ती त्या मार्गानं झाली आहे. पायराइट गंजून सुटलेलं गंधकाम्लसुद्धा फेल्डस्पारची माती करतं. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांना हिरवं अस्तर असतं, ते सेलॅडोनाइट. त्याचा तांब्याशी काडीचा संबंध नाही. गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडला मात्र गुलाबी फेल्डस्पारसकट खरं तांबं आहे, सुमारे २४९ कोटी वर्षांपूर्वीचं. त्याला पॉर्फिरी म्हणावं की नाही यावर अभ्यासक अजून भांडतात.

जीभ आणि सुरी थकते तिथे वर्णपटमापक कामाला येतो. केओलिनाइट २,१६० आणि २,२०८ नॅनोमीटरवर प्रकाश शोषतं, म्हणजे आलेखात जोडखड्डा पडतो. सेरिसाइटचा खड्डा एकच, २,२०० च्या आसपास. हातातलं यंत्र मिनिटाच्या आत निकाल देतं. १९९९ च्या डिसेंबरात गेलेल्या टेरा उपग्रहावरचं अ‍ॅस्टर उपकरण याच तरंगलांबींच्या पट्ट्यात ७०५ किलोमीटरवरून बघायचं, ३० मीटरचा एक ठिपका याप्रमाणे. या पट्ट्यातले त्याचे सहा संवेदक २००८ मध्ये निकामी झाले, पण तोवर टिपलेली चित्रं लोक अजून चाळतात.

शेवटी बोअर घ्यावंच लागतं, आणि तिथला आकडा सगळ्यात निर्दय. नेहमीच्या मापाची दगडाची कांडी ४७.६ मिलिमीटर व्यासाची. शंभर-शंभर मीटरवर बोअर घेतले, तर दर ५६ लाख भागांतला एक भाग हाती येतो. तांब्याचे ठिपके न लागता बोअर संपणं हे रोजचंच. पण पेटीत मांडलेल्या कांडीवर मीटरामागून मीटर सुरी ओढताना एपिडोट कमी होत गेलं, पातं रुतू लागलं, सेरिसाइट वाढत गेलं, तर ते कोरडं बोअरसुद्धा सांगतं, की पुढचं यंत्र कोणत्या बाजूला हलवायचं.