मामांचा फॉरवर्ड

मन आणि मोबाइल : लेखांक 7

मागच्या आठवड्यात झोपेबद्दल बोललो. आज भीतीबद्दल, आणि ती घरातल्याच माणसांकडून कशी येते त्याबद्दल.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी आली असा गलका झाला आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच रात्री आपल्या मालेगावात परभणीकडच्या पाच जणांना जमावाने घेरलं. त्यांत दोन वर्षांचं मूलही होतं. काही स्थानिकांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलीस पोचले. जमावाने पोलिसांच्या गाडीवरही हात टाकला, पण पाचही जण वाचले.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेला एक व्हिडिओ अनेकांना आठवत असेल : गल्लीत खेळणारं पोर मोटारसायकलवरचे दोघे उचलून नेतात. ती कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि हातातला संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला.

‘अडाणी लोक, दुसरं काय’ अशी प्रतिक्रिया तेव्हा नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या दिवाणखान्यांतून सर्रास ऐकू यायची. मला ती तेव्हाही पटली नाही. हे व्हिडिओ शिकलेल्यांच्या फोनमधूनही फिरत होतेच.

अनोळखी माणसाने रस्त्यात काही सांगितलं तर आपण त्याला आधी खालून वर न्याहाळतो. तीच गोष्ट मामांनी पाठवली की ही पायरी गाळली जाते. मामा खोटं कशाला बोलतील? ते बोलतही नसतात. त्यांना कुणीतरी पाठवलेलं असतं. बातमी कुठून आली याची जागा ती कुणी दिली याने घेतली जाते.

त्यात पुनरावृत्तीची भर. 1977 साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने वाचायला दिली. त्यांतली काही खरी होती, काही खोटी, आणि काही पुन्हा पुन्हा येणारी. परत परत आलेली विधानं, खोटी असली तरी, मुलांना अधिकाधिक खरी वाटू लागली. ओळखीचं झालेलं वाक्य मेंदूला वाचायला सोपं जातं आणि त्या सोपेपणालाच तो खरेपणा समजतो. आता हेच माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकाच सकाळी होतं. आपल्याला तीन साक्षीदार भेटल्यासारखं वाटतं. साक्षीदार खरं तर एकही नसतो.

आणि पाठवणाऱ्याचा हिशेब? तो त्याच्या बाजूने अगदी बरोबर असतो. खोटी बातमी पुढे ढकलली तर त्याचं काय बिघडलं? खरी बातमी ढकलली नाही आणि भाच्याच्या पोराला काही झालं तर? भीतीचा सौदा असा एका अंगाला कललेला असल्यामुळे बोट फॉरवर्डवरच जातं. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा बंगळुरूला आणि दुपार मोकळी, अशा एखाद्या मामांसाठी तर ते ‘मला तुमची काळजी आहे’ म्हणण्याचं हाताशी उरलेलं साधन असतं. फोन करावा तर मुलगा मीटिंगमध्ये.

म्हणून ग्रुपवर त्यांना कुणी खोडत नाही. वयाने मोठा माणूस, चारचौघांत त्याचा पाणउतारा कसा करायचा? एक जण हात जोडल्याचं चिन्ह टाकतो, बाकीचे ग्रुप म्यूट करतात. मामांना ती शांतता संमती वाटते, म्हणून ते आणखी पाठवतात. भाची आणखी कमी उघडते. भांडण न होताच नातं विरळ होतं. इंटरनेटने नात्यांवर केलेल्या परिणामांत मला हा सर्वांत दुर्लक्षित वाटतो, कारण त्यात तक्रार करावी असं काही घडतच नाही. अफवा खोटी ठरली तरी मामांना ते कळवणारं कुणी उरलेलं नसतं.

राईनपाड्यानंतर दोनच दिवसांनी केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खडसावलं. त्याच महिन्यात संदेशावर ‘फॉरवर्डेड’ची खूण आली आणि भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली गेली, जानेवारी 2019 मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या अफवा ऐन भरात असताना, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. त्यानंतर अशा संदेशांचं प्रमाण 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. हे कुणाला शिकवून, समजावून झालेलं नाही. बोट आणि बटण यांच्यात थोडं अंतर टाकलं, इतकंच. घरातही ते टाकता येतं. ग्रुपवर उत्तर न देता मामांना वेगळा फोन लावावा, आधी गुडघेदुखीची चौकशी करावी आणि मग त्या व्हिडिओचा विषय काढावा. एकट्याशी बोलताना माणूस सहज माघार घेतो, कारण बघायला कुणी नसतं.

काही ग्रुप ॲडमिन विचारतात, ‘असलं काही आलं तर पोलीस मलाच धरतील का?’ गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, ॲडमिनला गुन्ह्यासाठी जबाबदार धरता येत नाही. माणसं घेणं आणि काढणं एवढाच त्याचा मर्यादित अधिकार, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं होतं. तेव्हा तुमच्या घरात ॲडमिन असलेल्या भाच्याने पोलिसांची धास्ती घेण्याचं कारण नाही. मामींची घ्यावी. मामांना ग्रुपमधून काढलं, तर येत्या दिवाळीला उत्तर त्यांनाच द्यायचं आहे.

(पुढील लेखांक : ‘ऑनलाइन’ दिसूनही उत्तर न देणारा नवरा)