वर्गाबाहेर पडणारा शिक्षक : ऋण आणि उत्तरदायित्व

'सर शाळा सोडून गेले' हे वाक्य आपल्या समाजात दोन निरनिराळ्या सुरांत उच्चारले जाते. सर स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी झाले असतील, तर त्या वाक्यात अभिमान असतो. वर्षाच्या मध्यावर, पोर्शन अर्धा असताना गेले असतील, तर त्याच वाक्यात तक्रार असते. निवासी शाळेत ही तक्रार अधिक तीव्र होते, कारण येथील शिक्षक केवळ सहा तासांचा नसतो. रात्रीच्या अभ्यासिकेत तोच असतो, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी तोच असतो आणि घरच्या आठवणीने रडू आलेल्या पाचवीतल्या पोराची समजूत काढणाराही तोच असतो. असा माणूस निघून गेला की मुलांना दुसऱ्यांदा घर सुटल्यासारखे वाटते.

गेल्या काही वर्षांत अध्यापन सोडून अन्य क्षेत्रांत जाणाऱ्या तरुण शिक्षकांची चर्चा पालकसभांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांतून वारंवार होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो प्रश्न इतिहासाच्या आधारे तपासून पाहावा, असे आम्हांस वाटले. आमचे म्हणणे थोडक्यात असे : वर्ग सोडणे हे स्वतःहून पाप नाही आणि पराक्रमही नाही. शिक्षक वर्गातून काय घेऊन गेला, नव्या कामासाठी त्याने नव्याने काय शिकून घेतले आणि मागे काय ठेवले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याच्या जाण्याचे मोल ठरते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्यास आपला रत्नागिरी जिल्हाच पुरेसा आहे.

सैनिकी शाळेतील मुख्याध्यापक

आरंभ मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या सकपाळ घराण्यापासून करणे उचित होईल. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात होते हे सर्वांस ठाऊक असते. परंतु ते व्यवसायाने शिक्षक होते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. सैनिकी शाळेत त्यांनी चौदा वर्षे मुख्याध्यापकपद सांभाळले. ज्या काळात गावच्या शाळेची पायरी अस्पृश्यांच्या मुलांना बंद होती, त्या काळात पलटणीतील शाळा हीच आपल्या समाजाची शाळा होती आणि तेथील शिक्षक हा आपल्या समाजाचा पहिला पगारदार सुशिक्षित वर्ग होता.

हा मार्ग फार काळ खुला राहिला नाही. १८९२च्या सुमारास महार सैनिकांची भरती थांबली आणि त्याबरोबर सैनिकी शाळेतील शिक्षकाची खुर्चीही आपल्या पुढच्या पिढीच्या हातून गेली. निवृत्तीनंतर रामजींचे कुटुंब काही काळ दापोलीस राहिले. पुढे सातारा जिल्ह्यात त्यांनी रोखपालाची नोकरी केली. अनुभवी मुख्याध्यापकाला सैन्याबाहेर कोणत्याही शाळेने वर्ग दिला नसता. तेव्हा त्यांनी आपला वर्ग घरात भरवला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला मुलाकडून करवून घेणे आणि परळच्या चाळीतील एकाच खोलीत त्याला पहाटे दोनला अभ्यासास उठवणे ही मुख्याध्यापकाची शिस्त होती. शिक्षकाचा व्यवसाय बदलला तरी त्याची सवय सुटत नाही, हा या उदाहरणाचा बोध होय.

वर्ग न सोडता वर्गाबाहेर

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्काराच्या प्रसंगी ज्यांनी त्यांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले, ते कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वेंगुर्ले तालुक्यातील केळूस हे त्यांचे गाव आज सिंधुदुर्गात असले, तरी १९८१ पर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. केळुसकर गुरुजींनी अध्यापन चालू ठेवूनच चरित्रकाराचे दुसरे कार्य उभे केले. बुद्धचरित्राखेरीज छत्रपती शिवाजी महाराजांचे त्यांनी लिहिलेले विस्तृत चरित्र मराठीत प्रसिद्ध आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकून भीमरावांना दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा पुढाकार होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शिक्षकाचे 'दुसरे करिअर' म्हणजे प्रत्येक वेळी राजीनामाच असतो, असे नाही. लेखन, संपादन, पाठ्यपुस्तक निर्मिती, प्रशिक्षण ही कामे वर्गात उभे राहूनही करता येतात. किंबहुना वर्गाची ऊब असेल तरच ती चांगली होतात. एका माध्यमिक शिक्षकाने लिहिलेले आणि एका विद्यार्थ्याला भेट दिलेले पुस्तक किती दूर जाऊ शकते, हे आपल्यासारख्या धम्माच्या छायेत चालणाऱ्या शाळेला सांगण्याची आवश्यकता नाही.

प्राध्यापक, विद्यार्थी, बॅरिस्टर, प्राचार्य

बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये होते. त्या काळी ही रक्कम मोठी होती. वर्गात त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर महाविद्यालयांचे विद्यार्थी येत. त्याच इमारतीत प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. प्राध्यापक असतानाच जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. सरकारी सेवेत असल्याने संपादक म्हणून नाव मात्र पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते.

मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आज अनेक जण नोकरी सोडून थेट दुसऱ्या नोकरीत जातात. बाबासाहेब प्राध्यापकाची खुर्ची सोडून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसले. पगारातून साठवलेला पैसा घेऊन, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत अर्थशास्त्रातील डी.एससी. व बॅरिस्टर या दोन पात्रता त्यांनी मिळवल्या. जुन्या पदव्यांच्या बळावर नवा व्यवसाय चालेल, अशी समजूत त्यांनी करून घेतली नाही.

त्यानंतरही त्यांचा वर्गाशी संबंध तुटला नाही. वकिली सुरू असताना १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखापाल प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. जून १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या पदावर असतानाच, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरीच्या कुळांना खोताची जाचक वसुली काय असते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु ती पद्धत कायद्याच्या भाषेत, कलमाकलमाने उलगडून सभागृहापुढे ठेवणे हे शिक्षकाच्या हातचे काम होते. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने संपण्यास १९४९ साल उजाडावे लागले. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. एक खुर्ची सोडून गेलेल्या प्राध्यापकाने शेकडो शिक्षकांसाठी खुर्च्या निर्माण केल्या. मागे काय ठेवले, या प्रश्नाचे याहून मोठे उत्तर आम्हांस तरी ठाऊक नाही.

वर्गातून काय नेता येते?

आपल्याच जिल्ह्यातील आणखी दोन शिक्षकांकडे या दृष्टीने पाहता येईल. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त होऊन पूर्णवेळ सार्वजनिक कार्यात गेले. १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे ठेवली होती, हे येथे विसरता कामा नये. आणि जोतीराव हेही शिक्षक होते, पुढे बांधकामाचे कंत्राटदार होते. दोघांनीही वर्गातील रिकाम्या जागा मोजण्याची नजर वर्गाबाहेर नेली.

दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. निवासी शाळेतील आपल्या सर्वांना ते काम परिचित आहे. मुलांसाठी ते हस्तलिखित 'छात्रालय' दैनिक काढीत. १९३० मध्ये शाळा सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. १९४८ मध्ये 'साधना' साप्ताहिक सुरू केले. रात्री मुलांना गोष्टी सांगणारा छात्रालयाचा प्रमुख त्या पुस्तकाच्या पानापानांत दिसतो. १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. मंदिरप्रवेश हे तेव्हा आपल्या चळवळीचे उद्दिष्ट उरले नव्हते. तथापि सवर्ण समाजाला त्याच्याच भाषेत समजावण्याचे ते एका शिक्षकाचे काम होते, हे मान्य करावयास हवे.

या सर्वांनी वर्गातून नेलेल्या गोष्टी मोजक्या आहेत : अवघड विषयाच्या पायऱ्या पाडणे, पुढे बसलेल्यांपैकी कोणाला कळले नाही हे चेहऱ्यावरून ओळखणे, नोंदी काटेकोर ठेवणे, आणि फळ उशिरा मिळते हे धरून चालणे. वकील, अधिकारी, पत्रकार, समुपदेशक, प्रशिक्षक अशा कोणत्याही व्यवसायात ही शिदोरी उपयोगी पडते. पण वर्ग काही गोष्टी शिकवत नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्गात शिक्षकाचा शब्द अखेरचा असतो. बाहेर बरोबरीची माणसे तो खोडून काढतात. वर्गात 'सर' हे संबोधन आपोआप मिळते. बाहेर ते नव्याने कमवावे लागते. ज्याला पुन्हा विद्यार्थी होणे जमत नाही, त्याचे स्थलांतर बहुधा फसते.

आजचे वास्तव

आपल्या आई-वडिलांच्या पिढीत जिल्हा परिषदेची मास्तरकी म्हणजे घरातला पहिला पगार होता. ती सोडण्याचा विचार कोणी केला असता, तर घरात चूल पेटली नसती. आज परिस्थिती बदलली आहे. नव्याने लागलेल्या शिक्षकाला प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी दरमहा १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये झाले. त्यापूर्वी ते याहून पुष्कळ कमी होते. नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. विनाअनुदानित तुकडीवरील शिक्षकाची अवस्था तर सांगावयास नकोच. पात्रता परीक्षा देऊन, कर्ज काढून डी.एड., बी.एड. झालेला तरुण अन्य वाट शोधतो, तेव्हा त्याच्यावर निष्ठाहीनतेचा आरोप करण्यापूर्वी समाजाने हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत.

वाटा पुष्कळ आहेत. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, लोकसेवा आयोगामार्फत महाराष्ट्र शिक्षण सेवा, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, बालभारतीचे काम या शिक्षणक्षेत्राच्या आतल्या वाटा. वकिली, महसूल, बँक, समुपदेशन, संगणकीय पाठांची निर्मिती या बाहेरच्या. शिक्षकाचा आवाज वर्गाबाहेर पोहोचावा याची तरतूद संविधानातही आहे. कलम १७१ नुसार विधान परिषदेतील सुमारे एक द्वादशांश सदस्य शिक्षकांच्या मतदारसंघातून निवडले जातात. महाराष्ट्रात ७८ पैकी असे सात सदस्य असतात. मात्र हा मताधिकार माध्यमिक व त्यावरील शिक्षकांपुरता आहे. प्राथमिक शिक्षकाला तो नाही, ही उणीव आजही तशीच आहे.

वर्षावासाची रीत

तथागतांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेस पाठविताना दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये, असे सांगितले. धम्म पसरावयाचा तर माणसे बाहेर पडलीच पाहिजेत. परंतु पुढे वर्षावासाचीही रीत आली : पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहावे, अध्ययन करावे, उपासकांना शिकवावे. बाहेर जाणे आणि परत येणे या दोहोंनी मिळून संघ टिकला.

आमची सूचना याच रीतीवर आधारलेली आहे आणि ती अगदी व्यावहारिक आहे. जो शिक्षक जाऊ इच्छितो, त्याने शैक्षणिक वर्ष पूर्ण करून जावे. दहावीचा वर्ग वाऱ्यावर सोडून नव्हे. जाताना आपल्या टिपणवह्या, प्रश्नसंच आणि वसतिगृहातील प्रत्येक मुलाविषयीची माहिती, म्हणजे कोणाला दमा आहे, कोणाच्या घरी कमावते कोणी नाही, कोण गणितात अडखळते, ही सर्व पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावी. संस्थेने त्याला अडवू नये, रजेसाठी अडून पाहू नये, निरोप सन्मानाने द्यावा. त्या बदल्यात त्याने दरवर्षी काही दिवस शाळेला द्यावेत. वकील झालेल्याने मुलांना संविधान समजावून सांगावे, बँकेत गेलेल्याने पालकांना शैक्षणिक कर्जाचे अर्ज भरून द्यावेत, महसुलात गेलेल्याने जातीच्या दाखल्यांची शिबिरे लावावीत. हा नियम माजी विद्यार्थ्यांनाही लागू आहे, कारण तुमच्यापैकी कित्येक जण शिक्षक आहेत आणि कित्येक जण शिक्षकी सोडून पुढे गेला आहात.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात अक्षर प्रथम आणले ते कोणा शिक्षकाने. तो शिक्षक पुढे कोठे गेला, काय झाला, हा त्याचा अधिकार. त्याने रिकामी केलेली खुर्ची रिकामी राहू न देणे, हे मात्र त्याचे आणि आपले, दोघांचेही कर्तव्य आहे. जूनमध्ये पाऊस सुरू होईल, शाळेची घंटा होईल आणि अभ्यासिकेत साठ-सत्तर मुले वही उघडून बसतील. त्यांच्यासाठी या पावसाळ्यात आपण कोणते चार दिवस देणार, हे प्रत्येकाने ही स्मरणिका मिटण्यापूर्वी ठरवावे, एवढीच विनंती. जय भीम.