अपंगांचा वाटाड्या

द्रव्य मंजूर झालें म्हणजे साहाय्य घरीं पोंचलेंच, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. ऑस्ट्रेलियांत २०१३ सालच्या कायद्यान्वयें पात्र अपंग व्यक्तीस गरजेप्रमाणें सरकारी निधि मिळतो. पण सेवा कोणाची घ्यावी, करार कसा करावा, निधि मुदतभर पुरवावा कसा, हें तिला कोणीं सांगावें? यासाठीं ज्यांच्या योजनेंत तशी तरतूद असते, त्यांस साहाय्य-समन्वयक मिळतो. तो योजना समजावून देतो, योग्य संस्था शोधून देतो. बिलें फेडणें त्याचें काम नव्हे. निर्णय घेणें तर नव्हेच. आमच्या मतें मर्म येथेंच आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत मायेपोटीं आपण अपंगाच्या वतीनें सर्व कांहीं ठरवितों. त्याला काय हवें, हें विचारावयाचें मात्र राहून जातें. वाटाड्यानें वाट दाखवावी. जावयाचें कोठें, तें ज्याचें त्यानेंच ठरवावें.