प्रतिकृती-आगगाडीसाठी स्वयंचलित ध्रुवपालटाची निवड

१:८७ प्रमाणाच्या आगगाडीच्या प्रतिकृतीत वीज एका रुळातून एंजिनाकडे येते व दुसऱ्यातून परत जाते. मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच मिळाला, म्हणजे डावा रूळ उजव्यास भिडतो व ‘शॉर्ट सर्किट’ होते. म्हणून वळशाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांशी तोडून तो भाग अलग करतात. तो सर्वांत लांब गाडीहून लांब असावा. नाहीतर धातूची चाके दोन्ही टोकांच्या फटी एकदम जोडतात.

अंकीय नियंत्रणात गाडीची दिशा रुळांच्या ध्रुवतेवर नव्हे, तर एंजिनास मिळणाऱ्या संदेशावर ठरते. त्यामुळे गाडी धावत असतानाच त्या भागाची ध्रुवता पालटता येते. चाकाने फट जोडताच प्रवाह एकाएकी वाढतो. ही वाढ ओळखून यंत्र ध्रुव पालटते.

यंत्र निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली वेग : रिलेमध्ये हलते संपर्क असल्याने ते मंद असते, अर्धसंवाहक यंत्र शीघ्र असते. दुसरी प्रवाहमर्यादा : पुरवठा ५ अँपिअरला खंडित होत असेल, तर यंत्राची मर्यादा त्याहून कमी, परंतु गाडीच्या नेहमीच्या प्रवाहाहून अधिक असावी. यंत्राआधी पुरवठाच खंडित झाला, तर त्या पुरवठ्यावरील सर्व गाड्या थांबतात.